चाक अधूनमधून उतरवायलाच हवे

नट सगळे सुटले आहेत, जॅकने गाडी उचललेली आहे, स्टेपनी शेजारी आणून ठेवली आहे. आणि पंक्चर झालेले चाक मात्र जागचे हलत नाही. अशा वेळी बहुतेकांना वाटते की एखादा नट राहिला असेल किंवा आत आणखी काही अडकवलेले असेल. तसे काही नसते. चाक धरून ठेवलेले असते ते फक्त गंजाने. आणि हा गंज इतका बसू दिला जातो, कारण हल्ली चाक उतरवण्याची वेळच फारशी येत नाही.

चाक ज्या हबवर बसते त्याच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो. चाकाच्या मधले भोक त्यावर नेमके बसते. अनेक लहान गाड्यांत या भोकाचा व्यास ५४.१ मिलीमीटर असतो. दोहोंमधली फट अगदी नावापुरती ठेवलेली असते, कारण चाक बरोबर मध्यावर बसले नाही तर गाडी थरथरते. या फटीत पाणी शिरते आणि हवा खेळत नसल्याने लवकर वाळत नाही. लोखंड गंजले की तयार होणारा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. उघड्या पत्र्यावर त्याचे पापुद्रे सुटून पडतात. इथे त्याला जायला जागाच नसते, म्हणून तो पाचर ठोकल्यासारखा दोन्ही भाग आवळून धरतो.

अलॉयच्या चाकांना गंज चढत नाही, ही समजूत इथे फसवते. चाक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, हब पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट पाणी, म्हणजे एक लहानसा विद्युतघटच. या जोडीत झिजते ते अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी त्याच फटीत घट्ट बसते. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर हवेतच मीठ असते, वर चार महिन्यांचा पाऊस. तिथल्या गाडीला हे घडायला सोलापूरच्या गाडीपेक्षा कमी वेळ लागतो. किनाऱ्यावर, लाटांच्या कडेने गाडी पळवून तिची रील काढणाऱ्यांनी तर याची खात्रीच बाळगावी.

पूर्वी ही अडचण कमी का होती, याचे उत्तर पंक्चरच्या दुकानात मिळते. टायरमध्ये ट्यूब होती तेव्हा प्रत्येक पंक्चरला चाक उतरवावेच लागे. त्यामुळे वर्षातून दोन-चार वेळा हा जोड आपोआप मोकळा होई. ट्यूबलेस टायरला चाक न काढताच बाहेरून पट्टी खोचता येते. दहा मिनिटांत काम होते. २०२० पासून तर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण टायर बाजूने फाटला की पट्टी चालत नाही, आणि मग तीन-चार पावसाळे न हललेले चाक नेमके रात्री, घाटात, पावसात काढायची वेळ येते.

खरा धोका चाक अडकण्यात नाही, ते सोडवायच्या धडपडीत आहे. गाडीबरोबर मिळणाऱ्या जॅकची बैठक तळहाताएवढी असते. तो सरळ वरचे वजन पेलतो. आडवा धक्का पेलण्यासाठी तो बनवलेलाच नाही. जमिनीवर बसून चाकाला लाथा घालायच्या, दोन्ही हातांनी ते हिसडायचे, मागून ठोकायला गाडीखाली सरकायचे, हे सगळे करताना एक हजार किलोची गाडी एका बाजूला कलू शकते. पाय किंवा हात खाली असेल तर पुढचे सांगायला नको. गॅसची ज्योत लावून हब तापवण्याचा सल्लाही कधीकधी दिला जातो. तो तर ऐकूच नये. बेअरिंगमधले ग्रीस जळते आणि तापलेला टायर स्फोटासारखा फुटू शकतो.

मग करायचे काय? गाडी सपाट, घट्ट जमिनीवर हवी, हँडब्रेक ओढलेला आणि तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावलेले. उचललेल्या गाडीच्या बाजूच्या पट्टीखाली स्टेपनी आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकते. सगळे नट हाताने पुन्हा चढवून दोन-तीन आटे ढिले ठेवावेत, म्हणजे चाक अचानक सुटले तरी अंगावर येत नाही. मग गाडी हळूहळू खाली घेऊन त्या चाकावर वजन येऊ द्यावे, जॅक बाजूला करावा आणि गाडीला बाजूने दोन-चार वेळा हेलकावा द्यावा. लहान गाडीचे साधारण अडीचशे किलो वजन त्या एका चाकावर येते. टायरची कड हबच्या मध्यापासून जवळपास ३० सेंटीमीटर दूर आणि गंज धरून बसलेला उंचवटा तीन सेंटीमीटरच्या आतला. म्हणजे तरफेचा फायदा दहापट. बहुतेक वेळा 'कट्' असा आवाज होतो आणि चाक सुटते.

नाहीच सुटले तर टायरवर, रिमवर नव्हे, लाकडी ठोकळा किंवा रबरी हातोडा आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना मारावा. लोखंडी हातोड्याने अलॉयला तडा जातो. गंज सोडवणारा फवारा मधल्या उंचवट्याभोवती मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, पण तो ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नये. नट ढिले ठेवून गाडी पुढे-मागे चालवण्याची युक्ती अनेक चालक सांगतात. ती रिकाम्या मैदानात एखाद्या मीटरपुरती ठीक. रस्त्यावर नाही, उतारावर तर नाहीच. आणि गाडी महामार्गाच्या कडेला असेल, शेजारून ट्रक जात असतील, तर यातले काहीच न करता सर्वांना बॅरिअरपलीकडे उभे करून राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर फोन लावणे शहाणपणाचे. कंबरदुखी किंवा हृदयविकार असलेल्यांनी एरवीही हा जोर आजमावू नये.

या सगळ्याची जबाबदारी एकट्या मालकावर टाकणे मात्र योग्य नाही. सर्व्हिसिंगच्या बिलात चाकांची अदलाबदल लावलेली असते. चाके खरोखर उतरली असतील तर तारेच्या ब्रशने हबचा उंचवटा आणि चाकाची मागची बाजू घासायला चाकामागे दोन मिनिटेही लागत नाहीत. हे काम दर सर्व्हिसिंगच्या यादीत लिहिलेलेच असायला हवे, आणि ग्राहकाने ते मागून घ्यायला हवे. हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. चाक आणि हब यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर नट घट्ट वाटतात, पण पापुद्रा चेपला की ढिले पडतात.

घासून झाल्यावर फक्त मधल्या उंचवट्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा. बोल्टच्या आट्यांना ते लावू नये, जरी बरेच मेकॅनिक हौसेने लावतात. पान्यावरच्या जोराचा साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा घर्षणात जातो. ग्रीसने घर्षण घटले की तोच जोर बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. नट हवेच्या गनने करकचून आवळण्याऐवजी शेवटचा जोर मोजून देणाऱ्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने द्यायचा. लहान गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत सापडतो. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर तो एकदा पुन्हा तपासावा. आणि मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, घराच्या अंगणात दिवसाउजेडी चारही चाके एकदा उतरवून पाहावीत. तेव्हाच कळते की गाडीतला पाना नटाला बसतो की नाही.