पोटगीच्या आड धर्म नको

घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येईल, हा सर्वोच्च न्यायालयाचा १० जुलै २०२४ चा निर्वाळा न्याय्य आहे आणि आम्ही त्याचे निःसंदिग्ध स्वागत करतो. हा धर्मावर घाला नव्हे. कुराण घटस्फोटितेला रीतीप्रमाणे निर्वाहाची तरतूद द्यायला सांगते. यहुदी विवाहकरारात पत्नीला द्यायची रक्कम लग्नातच लिहिली जाते. हिंदू धर्मशास्त्र स्त्रीधनावर तिचाच हक्क मानते. सोडलेल्या बाईला वाऱ्यावर टाकू नये, याबाबत धर्मांत दुमत नाही.

आता घटस्फोटित मुस्लिम महिलांच्या हक्करक्षणाचा १९८६ चा कायदा आणि कलम १२५ ची जागा घेणारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, असे दोन्ही मार्ग तिला खुले आहेत. पण दोन वाटा म्हणजे वाद घालायला दोन जागा, असे होता कामा नये. कडेवर मूल घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या बाईला दर तारखेचे प्रवासभाडे उसने घ्यावे लागते. तिच्या लेखी विलंब हाच नकार.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच सांगतो. राज्य सरकारने कौटुंबिक न्यायालयांतील रिक्त पदे तातडीने भरून ही मुदत पाळणे शक्य करावे. अन्यथा हा निकाल कागदावरच राहील.