नोकरी बदलेल, फुफ्फुस तेच राहील

वणीहून घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्यावर भल्या सकाळी दोन प्रकारची माणसे दिसतात. काही रातपाळी संपवून घरी परतत असतात, तर काही पहिल्या पाळीला निघालेली असतात. दोघांच्याही तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो आणि बाजूने कोळशाचे ट्रक धूळ उडवीत जात असतात. वर्धा खोऱ्यातील या पट्ट्याची दोन पिढ्यांची चूल कोळशावर पेटली. शेती खाणीत गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला वेकोलित नोकरी मिळाली, अशी असंख्य कुटुंबे येथे आहेत. आता त्याच घरांत प्रश्न विचारला जातो, की पुढच्या पिढीने काय करायचे?

प्रश्न रास्त आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. याचा अर्थ कोळसा उद्या बंद होणार असा नाही. २०२४-२५ मध्ये देशाच्या कोळसा उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. पण कोळसा वाढतो म्हणून नोकऱ्या वाढतात, असे नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल इंडिया वर्षाला २० कोटी टनांच्या आसपास कोळसा काढत होती आणि तिच्याकडे सहा लाखांहून अधिक कायम कर्मचारी होते. आज उत्पादन ७५ कोटी टनांच्या पुढे गेले आहे, तर कर्मचारी सव्वादोन लाखांच्या आसपास उरले आहेत. बाकीचे काम मोठी यंत्रे आणि ठेकेदारांची माणसे करतात. त्यामुळे आजच्या तरुणाला आयुष्यात एकच नोकरी पुरेल, ही अपेक्षा धरता येत नाही. काही वर्षे डंपरवर, काही दिवस चुनाभट्टीवर, हंगामात जिनिंगमध्ये आणि नंतर आणखी कुठे, असा त्याचा प्रवास राहील.

या प्रवासाची तयारी म्हटली की आयटीआय, संगणक, परवाना, प्रमाणपत्र यांची यादी पुढे येते. ती आवश्यकच आहे. मात्र एक गोष्ट या यादीत कधीच नसते. कामगार नोकरी सोडतो तेव्हा हुद्दा आणि पगार मागे राहतात, पण त्या कामाने शरीरात जे साठवले ते सोबत येते.

फुफ्फुसांचेच पाहू. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुतांशी नाकाघशात अडते. खरी घातक धूळ पाच मायक्रॉनहून बारीक असते. ती थेट वायुकोशांपर्यंत जाते आणि दुपट्ट्याला जुमानत नाही. कोळशाच्या वरचा खडक फोडताना निघणाऱ्या धुळीत सिलिकाही असते. तिच्यामुळे फुफ्फुसात हळूहळू व्रण तयार होतात. बहुधा दहा-बारा वर्षांनंतर दम लागू लागतो, आणि धुळीतले काम सुटल्यावरही आजार पुढे सरकत राहू शकतो. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. सिलिकाच्या धुळीने क्षयरोगाचा धोकाही वाढतो. रुग्ण काय काम करीत होता हे कुणी विचारलेच नाही, तर धुळीचा आजार क्षय समजला जातो आणि औषधे घेऊनही दम काही कमी होत नाही.

कान आणि झोप यांचा तर नवे काम शिकण्याशी थेट संबंध आहे. ८५ डेसिबलच्या वर आठ-आठ तास, वर्षानुवर्षे काम केले की अंतर्कर्णातील सूक्ष्म पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. चाळिशीत प्रशिक्षणाला बसलेला माणूस मागे पडतो तेव्हा त्याला ‘आता डोके चालत नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात दोष कानाचा असू शकतो. झोपेचेही तसेच आहे. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. सतत रातपाळी करून दिवसा तीन-चार तास झोपणाऱ्याने अभ्यास कितीही केला, तरी तो पुरेसा टिकत नाही.

म्हणून कामाच्या तयारीत आरोग्याची वही आली पाहिजे. कोणत्या वर्षी, कोणत्या खाणीत, कोणत्या ठेकेदाराकडे आणि कोणते काम केले, हे तारखेसह लिहून ठेवावे. ओळखपत्र, हजेरी आणि पगाराची कागदपत्रे फेकू नयेत. छातीचा एक्स-रे, फुंकर मारून होणारी श्वासक्षमतेची चाचणी आणि श्रवण चाचणी कामाच्या सुरुवातीला व नंतर ठरावीक काळाने करून घ्यावी. आभा क्रमांक काढला तर अहवाल एका ठिकाणी जोडून ठेवता येतात. धुळीत काम करताना दुपट्ट्याऐवजी एन-९५ मास्क वापरावा. बिडी-सिगारेट सोडावी, कारण धूर आणि धूळ मिळून फुफ्फुसावर दुहेरी घाव घालतात. डॉक्टरकडे गेल्यावर आजचे काम सांगावेच, पण पूर्वीचेही सांगावे.

तरीही सगळी जबाबदारी कामगारावर टाकून चालणार नाही. खाणीत कामाला लागताना आणि नंतर निदान पाच वर्षांतून एकदा वैद्यकीय तपासणी, ही पद्धत १९५५ च्या खाण नियमांपासून चालत आली आहे. ती कायम कामगारापुरती नाही, ठेकेदाराच्या माणसालाही लागू आहे. धुळीमुळे होणारे फुफ्फुसाचे आजार भरपाईच्या कायद्याच्या यादीत आहेत. परंतु आजार पंधरा वर्षांनी दिसतो आणि तोवर ठेकेदार बदललेला असतो. हजेरीचा कागद नसेल, तर कायद्यातला हक्क कागदावरच राहतो. काम संपतानाही तपासणी व्हावी, प्रत्येक अहवालाची प्रत कामगाराच्या हाती पडावी आणि खाण बंद झाल्यावरही जुन्या कामगारांची तपासणी सुरू राहावी, एवढी मागणी वणी परिसराने एका आवाजात केली पाहिजे.

नवे कौशल्य पन्नाशीतही शिकता येते. गमावलेली श्वासक्षमता मात्र परत मिळत नाही. मुलगा पहिल्यांदा कामावर निघेल तेव्हा घरच्यांनी पगार किती हे जरूर विचारावे, आणि तिथे धूळ किती, पाळी कोणती, तपासणी कधी, हेही विचारावे.