माळ्यावरचा पेटारा

वय साठीपुढे गेले की घराचे उंबरे उंच वाटू लागतात. इंदुरातील आमच्या जुन्या वाड्याची डागडुजी यंदा काढली ती त्याचसाठी: न्हाणीघरात धरावयास दांडा, जिन्याला कठडा, निजण्याची खोली खाली. त्या निमित्ताने माळाही उतरविला. फुटक्या बरण्या, लग्नपत्रिकांचे गठ्ठे सुखाने रद्दीत गेले. पितळी घंगाळ सूनबाईंनी ठेवून घेतले, फुलझाडासाठी का होईना!

अडलो ते एका पेटाऱ्यापाशी. आत मोडी कागद. होळकरांच्या दप्तरांतून मोडीच चाले, आणि आमचे आजोबा ती घडाघडा वाचीत. आम्हांला मात्र ओळ लागत नाही. न वाचताच टाकावे, तर त्यांत जमिनीचा व्यवहार असेल, सासरी गेलेल्या कुणा लेकीची खुशालीही असेल. वाचकहो, आपल्याही माळ्यावर असे गाठोडे असेल, तर घाई करू नये. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असेच कागद जपत आले आहे; मोडीचे वर्ग आजही भरतात.

तूर्त कागद सुती फडक्यात बांधले आहेत. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो. नात मोडी मुळाक्षरे गिरवीत आहे. काल तिला एका पत्रातला ‘इंदूर’ हा शब्द लागला.