जीवाणूला ‘साधा’ म्हणू नका

नांदेडहून अर्धापूर ओलांडून येणारा रस्ता वारंगा फाट्याला दुभंगतो. एक वाट कळमनुरी-हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाव-यवतमाळकडे. मित्रहो, जीवाणूच्या गुणसूत्राची प्रत निघत असते तेव्हा तिथेही असाच फाटा फुटतो. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ‘ई. कोलाय’ या जीवाणूच्या डी.एन.ए.चे चित्र जॉन केर्न्स यांनी 1963 साली मिळवले. त्यात एक बंद वर्तुळ होते आणि एका धाग्याचे दोन होत असलेले फाटेही होते. फरक एवढाच की, वारंग्याचा फाटा जागेवर असतो; जीवाणूतला फाटा डी.एन.ए.वरून पुढे पुढे धावतो.

शाळेत मात्र आपण जीवाणूची ओळख ‘नाही’च्या यादीने करून देतो. केंद्रक नाही, तंतुकणिका नाही, म्हणून रचना साधी! माझ्या मते ही ओळख अपुरी आहे, आणि घातकही आहे.

आधी मापे पाहा. ई. कोलायची लांबी सुमारे 2 मायक्रोमीटर, तर त्याचा डी.एन.ए. सरळ केल्यास सुमारे दीड मिलिमीटर भरतो. जीवाणू आठ सेंटिमीटरच्या खडूएवढा मानला, तर त्यात साठ मीटर दोरा बसवायचा आहे. तोही गुंता न होता! हे कसे साधते? दोन पदरांची सुतळी घ्या आणि पीळ देत राहा. टोके जवळ आणताच ती स्वतःभोवती वेटोळी घालते. जीवाणूचा डी.एन.ए. असाच पिळलेला, वेटोळ्यांत मांडलेला असतो, आणि काही प्रथिने त्याला बाक देऊन आवरून धरतात. 

आता सुतळीची दोन्ही टोके मित्रांना घट्ट धरायला सांगा आणि मधले पदर ओढून वेगळे करा. पुढच्या भागाचा पीळ वाढत जाऊन सुतळी अडते. जीवाणूपुढेही हीच अडचण असते. एका ठरावीक आरंभस्थानापासून दोन फाटे विरुद्ध दिशांना निघतात. प्रत्येक फाटा सेकंदाला सुमारे 1000 अक्षरे उतरवतो. वाढलेला पीळ ‘गायरेज’ नावाचे विकर काढते. ते डी.एन.ए. कापते, पीळ सोडवते आणि पुन्हा सांधते. एकूण 46 लाख अक्षरजोड्यांची प्रत चाळीसेक मिनिटांत पुरी होते.

पण भरपूर अन्न मिळाले तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुभंगतो. मग चाळीस मिनिटांचे काम वीस मिनिटांत कसे उरकते? उरकत नाहीच. पहिली प्रत पुरी होण्याआधीच आरंभस्थानी पुढची सुरू होते. आजीच्या काळातच नातींची तयारी! याला साधे कसे म्हणावे?

ही माहिती केवळ परीक्षेपुरती नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक गायरेजला डी.एन.ए. कापलेल्या अवस्थेतच अडकवते. म्हणून जीवाणू मरतो. आपल्या पेशींतील अशा कामाच्या विकराची घडण वेगळी असल्याने ते बहुतांशी वाचते. परंतु प्रत काढताना हजार प्रतींमागे सुमारे एक चूक राहून जाते. शंभर कोटी जीवाणू एकदा दुभंगले तर दहा लाख चुका! त्यातली एखादी गायरेजच्या जनुकात नेमक्या जागी पडली, की औषधाची पकड सुटते. अशा वेळी विनाकारण घेतलेली गोळी बाकीच्यांना मारते आणि या एकट्याला रान मोकळे करून देते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूंना गायरेज नसते, मग तिच्यावर ही गोळी काय करणार?

म्हणून शिक्षकांना विनंती : जीवाणूकडे काय नाही हे सांगून झाल्यावर, जे आहे ते सुतळी हातात घेऊन दाखवा. आणि मित्रहो, दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणायला कोणी सांगितले, तर आधी डॉक्टरांना विचारण्याचा आग्रह धरा. शत्रूला साधा समजणारा फसतो, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.