विद्यापीठाच्या आराखड्यात आमच्या मुलांची प्रयोगशाळा कोठे आहे?

मुंबई विद्यापीठाला दर पाच वर्षांनी एक बृहत् आराखडा तयार करावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने ते बंधन घातले आहे. नवे महाविद्यालय कोठे काढावयाचे, कोणत्या विषयाचे वर्ग उघडावयाचे, मागे पडलेल्या भागांची गरज कशी भागवावयाची, याचा विचार त्यात होतो. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्याचा पसारा, त्या विद्यापीठाला असा आराखडा हवाच. आमची तक्रार आहे ती मोजदादीविषयी. महाविद्यालये, तुकड्या आणि जागा मोजून विज्ञानशिक्षण सुधारत नसते. विज्ञान शिकणाऱ्या मुलाच्या हातात वर्षभरात उपकरण किती वेळ राहिले, हे मोजले तर काही अर्थबोध होईल.

कर्जत स्थानकाला लागून असलेल्या, आता कर्जत नगरपरिषदेत मोडणाऱ्या भिसेगावचेच उदाहरण घेऊ. येथील बौद्ध कुटुंबातील मुलगी दहावीपर्यंत मराठीत शिकते, अकरावीत एकाएकी इंग्रजीच्या हवाली होते आणि तरीही हिंमतीने बी. एस्सी.पर्यंत येते. शिष्यवृत्ती आणि सवलत तिला महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणतात. दाराच्या आत काय घडते? एका बुरेटभोवती चार-पाच विद्यार्थी उभे राहतात. एकाने अनुमापन करावे, बाकीच्यांनी आकडे टिपून घ्यावेत. जर्नल मागील वर्षीच्या जर्नलवरून उतरविले जाते, त्यावर सही होते आणि प्रात्यक्षिक पूर्ण झाले असे मानले जाते. असे अनेक ठिकाणी चालते, हे पालकांना ठाऊक नसले तरी विद्यार्थ्यांना पुरते ठाऊक आहे. ज्याच्या घरी पुस्तके आणि शिकलेली माणसे आहेत, तो ही उणीव बाहेर भरून काढतो. आमच्या मुलांना प्रयोगशाळेबाहेर दुसरी प्रयोगशाळा नाही.

हा रोग नवा नाही. सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली १९२४-२५ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समिती बसली होती. तिच्या प्रश्नावलीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लेखी उत्तरे दिली. केवळ परीक्षा घेणारी संस्था हे खरे विद्यापीठ नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. पदव्युत्तर शिक्षण एकीकडे आणि पदवीचे शिक्षण दुसरीकडे अशी फारकत करू नये, कारण तीमुळे अध्यापनापासून संशोधन तुटते आणि दोहोंचे नुकसान होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आज शंभर वर्षांनंतर विद्यापीठाचे विज्ञान विभाग सांताक्रूझच्या कलिना येथे आहेत आणि आमची मुलगी कर्जतला आहे. मुंबई येथून रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर. संशोधन करणारा अध्यापक पहिल्या वर्षाच्या वर्गाला क्वचितच दिसतो, आणि पहिल्या वर्षाला शिकविणाऱ्याला संशोधनाची सवड मिळत नाही.

आणि तरीही कर्जतला संशोधन नाही असे नव्हे! दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधनाचे प्रादेशिक केंद्र कर्जतमध्येच आहे. ‘कर्जत’ या नावाचे भाताचे अनेक वाण येथूनच बाहेर पडले. ‘सह्याद्री’ हा संकरित भात १९९८ साली प्रसारित झाला, तोही येथलाच. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे त्याचा संकर करावयाचा तर ज्याचा पराग वांझ आहे असा वाण आधी हाताशी लागतो, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी लावून परागण घडवावे लागते. अनुवंशशास्त्राचा हा पाठ मुले इंग्रजी पुस्तकातून पाठ करतात. पावसाळी भात साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतो. फूल दुपारच्या आत उघडते आणि थोड्याच वेळात मिटते. त्या वेळी भिंगाखाली सहा पुंकेसर पाहिले तर तो पाठ जन्मभर विसरणार नाही. मात्र त्यासाठी वेळापत्रक फुलाच्या वेळेनुसार बसवावे लागेल, आणि कृषी विद्यापीठ व मुंबई विद्यापीठ यांच्यामधले खात्यांचे कुंपण ओलांडावे लागेल.

येथे एक गोष्ट बोलून दाखवावीशी वाटते. आपल्या कित्येक घरांतील आज्यांनी दुसऱ्याच्या खाचरात चिखलात वाकून लावणी केली, राब भाजला. पालापाचोळा, शेण आणि माती जाळलेल्या त्या जागेवरच रोप जोमदार का येते? तणाचे बी जळते म्हणून, की राखेतील द्रव्यांमुळे, की तापलेल्या मातीत आणखी काही बदल होतो म्हणून? रसायनशास्त्राच्या तुकडीला वर्षभर पुरेल असा हा प्रश्न आहे. ज्या कष्टाची मजुरीसुद्धा धड मिळाली नाही, त्यातून नातीला निदान एक प्रयोग तरी मिळावा.

भाषेचा मुद्दा राहिला. १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने वंचित थरांतील शाळकरी मुलांबरोबर काम करून पुस्तकाची अवघड भाषा हाच मोठा अडथळा असल्याचे दाखविले. महाविद्यालयात तो अडथळा दुप्पट होतो. इंग्रजी टाका असे आम्ही म्हणत नाही. ती आपल्या मुलांना आलीच पाहिजे. परंतु पहिल्या वर्षी प्रश्न मराठीत विचारण्याची मुभा आणि दोन्ही भाषांतील संज्ञांची वही, एवढे तरी आराखड्यात घालता येईल. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश तयारच आहेत.

हे कोण मागणार? बृहत् आराखडा अधिसभेपुढे मंजुरीसाठी येतो. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून येतात. त्यांतील पाच जागा राखीव असून त्यांपैकी एक अनुसूचित जातींसाठी आहे. ही निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मतदार होण्यासाठी पदवीधराने अर्ज भरून नाव नोंदवावे लागते. पदवी हाती पडली म्हणून नाव आपोआप यादीत जात नाही. आपल्या वस्त्यांत आज प्रत्येक गल्लीत पदवीधर आहेत. त्यांपैकी कितीजणांचे नाव त्या यादीत आहे, याची विचारपूस येत्या रविवारी विहारात व्हावी.