उजवे वळण : परवान्याची खरी कसोटी

उन्हाळ्याची सुटी लागली, की पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावलेल्या मोटारी शहरात जागोजागी दिसू लागतात. मोटार ही आता चैन राहिलेली नसून अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची गरज झाली आहे. तेव्हा या नव्या चालकांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु समोरून वाहनांचा ओघ येत असता तो छेदून चौकात उजवीकडे कसे वळावे, हे त्यांना कोणी नीट शिकविले आहे काय, असा प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्यास दुसऱ्याच्या वाटेवरून आडवे जावे लागते. म्हणूनच सरळ येणाऱ्याचा हक्क पहिला आणि वळणाऱ्याने थांबावयाचे, हे तत्त्व १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्तेवाहतूक करारातही नमूद झाले आहे. आपल्या चौकांत मात्र याच्या नेमके उलट दृश्य दिसते. हिरवा दिवा लागतो न लागतो तोच, समोरचे निघण्यापूर्वी आपण निसटावे, म्हणून वळणाऱ्यांची झुंबड उडते. आणि नवशिका हाच प्रघात नियम समजून उचलतो.

यातील धोका साध्या हिशेबाने कळण्यासारखा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर तोडते. थांबलेली मोटार हलवून रस्ता ओलांडण्यास नवशिक्याला पाच सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत ते वाहन ७० मीटर पुढे आलेले असते. शिवाय दुचाकी आकाराने लहान, म्हणून आहे त्याहून दूर भासते. आणि बसच्या आडून ती केव्हा पुढे येईल याचा नेम नसतो.

रीत तशी अवघड नाही. आरशात पाहून इशारा द्यावा, रस्त्याच्या मध्याजवळ यावे आणि चाके सरळ ठेवून थांबावे. चाके आधीच वळविलेली असली व मागून धक्का बसला, तर मोटार थेट समोरच्या ओघात जाते. जावयाच्या रस्त्यावर जागा आहे आणि कोणी पादचारी ओलांडत नाही, याची खात्री झाल्यावरच, कोपरा न कापता, त्या रस्त्याच्या डाव्या बाजूस शिरावे. समोरच्याने दिवे चमकविले, तर ते आपणांस वाट दिल्याचे चिन्ह समजू नये. आपल्याकडे बहुधा त्याचा अर्थ ‘मी येतो आहे’ असाच असतो. मागचा भोंगा वाजवितो म्हणून निघणे, हा तर शुद्ध अविचार होय. अपघात झाल्यावर तो भोंगेवाला जाब देण्यास येत नाही.

दोष एकट्या शिकाऊ चालकाचा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रशिक्षण शाळांना खाजगी मोटारीसाठी किमान २१ दिवसांचे शिक्षण व दहा तासांचे प्रत्यक्ष चालन नेमून दिले आहे. उजवीकडे व डावीकडे बिनचूक वळता येणे, हेही परीक्षेच्या कसोट्यांत अंतर्भूत आहे. परंतु ही परीक्षा जेथे बंदिस्त मैदानावर उरकली जाते, तेथे समोरून कोणी येतच नाही! मग वळण साधले, तरी थांबण्याचा विवेक कसा तपासला जाणार?

यास्तव आमची सूचना अशी, की वाहत्या चौकातील उजव्या वळणाचा सराव झाल्यावाचून शाळांनी प्रमाणपत्र देऊ नये आणि परिवहन अधिकाऱ्यांनी त्याची परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावर घ्यावी. महापालिकेने मोठ्या चौकांत उजवीकडे वळणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गिका व बाणाचा दिवा द्यावा. जागा नसेल तेथे ते वळण बंद करून पुढे सुरक्षित पर्याय द्यावा. आणि आम्ही जुन्या चालकांनी? ‘एल’ची पाटी चौकात थांबलेली दिसली, तर भोंग्यावरचा हात आवरावा. ‘अति घाई संकटात नेई’ हे घाटरस्त्यावर वाचलेले वाक्य शहरातील चौकातही तितकेच खरे आहे.