लॉक लावून लिस्ट सांभाळता येत नाही

कोड रिव्ह्यूत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “लिस्टला लॉक लावलाय, आता काही होत नाही.” होतं. आमच्याही ॲपमध्ये होत होतं, आणि तेही फक्त ग्राहकांच्या फोनवर. आमच्या टेबलावरच्या फोनवर एकदाही नाही!

घडतं काय ते जवळून पाहू. अँड्रॉइडचा मेन थ्रेड लिस्ट मांडताना ॲडॅप्टरला आधी विचारतो, ओळी किती? उत्तर येतं, 50. मग तो लागेल तशी एकेक ओळ मागतो. तेवढ्यात बॅकग्राउंड थ्रेड सर्व्हरचं ऐकून 3 ओळी काढून टाकतो. मेन थ्रेड पन्नासावी ओळ मागतो आणि ॲप कोसळतं. आता लॉक लावा. मोजणी लॉकमध्ये झाली, काढणं लॉकमध्ये झालं, मागणीही लॉकमध्येच झाली. तरी ॲप कोसळलंच, कारण मोजणी आणि मागणी यांच्या मधल्या वेळात लॉक सुटलेला होता. पंगतीतली पानं मोजून वाढपी आत गेला आणि लाडू घेऊन येईपर्यंत तिघं उठून गेले, त्यातली गत. मोजणीपासून मांडणीपर्यंत लॉक धरूनच ठेवू म्हणाल, तर मांडणीचा कोड तुमचा नाही, अँड्रॉइडच्या रीसायकलरव्ह्यूचा आहे. तुमच्या लॉकची त्याला खबरही नसते. शिवाय बॅकग्राउंडने लॉक धरून लांबलचक काम काढलं की मेन थ्रेड दारात ताटकळतो. स्पर्शाला 5 सेकंद उत्तर मिळालं नाही, तर अँड्रॉइड ॲप बंद करायचं का म्हणून विचारतो.

यावर दुसरा पूर्वपक्ष असा, की मग टूलकिटच थ्रेडसेफ का करत नाहीत? करून पाहिलंय. जावाच्या एडब्ल्यूटीत तोच प्रयत्न झाला. तो का फसला, हे सन मायक्रोसिस्टिम्सच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी 2004 साली सांगून ठेवलंय. स्पर्श, क्लिक या घटना खालून वर येतात आणि आपल्या कोडचे हुकूम वरून खाली जातात. दोघे लॉक उलट क्रमाने घेतात आणि एकमेकांची वाट बघत अडकून बसतात. जावाच्याच नंतरच्या टूलकिटने, स्विंगने, म्हणूनच एकच थ्रेड पत्करला.

“पण मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूपीएफमध्ये लॉक दिलाच की!” हा आक्षेप मात्र वजनदार आहे. 2012च्या डॉटनेट 4.5पासून ती सोय आहे, हे खरं. पण आत डोकावून पाहा. डब्ल्यूपीएफ तुमच्या लिस्टची एक सावली-प्रत यूआय थ्रेडसाठी वेगळी ठेवतं, बदलांची रांग लावतं आणि सवडीने ते त्या प्रतीवर उतरवतं. म्हणजे पडदा तुमची लिस्ट पाहतच नाही, प्रत पाहतो. ज्यांचा दाखला दिलात, त्यांनीच माझी बाजू मांडली.

सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. लिस्ट मागे बदलायची आणि ‘बदललं हो’ ही हाक तेवढी मेन थ्रेडवर पाठवायची. दिसायला शिस्तशीर. पण बदल आणि हाक यांच्यामध्ये काही मिलिसेकंद जातात, आणि नेमक्या त्याच फटीत बोट लिस्ट सरकवत असतं. रीसायकलरव्ह्यूची ‘विसंगती आढळली’ ही कुप्रसिद्ध तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

मग करायचं काय? पडद्यावरच्या लिस्टला मालक एकच, मेन थ्रेड. बॅकग्राउंडने तिला हात लावायचा नाही. आपली नवी, पुन्हा न बदलणारी लिस्ट तयार करून ती सुपूर्द करायची. अँड्रॉइडचा लिस्टॲडॅप्टर हेच करतो. युजीन मायर्स यांच्या 1986च्या रीतीने जुन्या-नव्यातला फरक तो मागे काढतो. मग मेन थ्रेडवर अदलाबदल आणि हाक एका दमात होतात. मधे फट उरत नाही.

“दरवेळी अख्खी लिस्ट कॉपी? मेमरीचं काय?” कॉपी होतात ते संदर्भ, वस्तू नव्हेत. अँड्रॉइडवर एक संदर्भ 4 बाइटचा, म्हणजे 10,000 ओळींचे 40,000 बाइट. त्याच लिस्टमधला 200 बाय 200 पिक्सेलचा एक फोटो मेमरीत साधारण 1,60,000 बाइट खातो. त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. लाखो ओळी असतील तर पेजिंग वापरावं, तो वेगळा विषय.

यातही पाय घसरायची एक जागा आहे. काही जण जुन्याच लिस्टमध्ये भर घालून तीच पुन्हा सुपूर्द करतात. लिस्टॲडॅप्टर संदर्भ तोच पाहून काहीच करत नाही, आणि दोष लायब्ररीला जातो. आतली वस्तू जागच्या जागी बदलली तरी तेच, कारण तुलना तिची तिच्याशीच होते.

आज आपला ॲडॅप्टर उघडा. त्याला दिलेल्या लिस्टमध्ये आणखी कोण कोण भर घालतं आणि काढतं, ते शोधा. मेन थ्रेडखेरीज एक जरी सापडला, तरी लॉक शोधत बसू नका. त्याचा हात तिथून काढा.